शब्दचर्चा : प्लँटेशनला ‘मळा’ म्हणावं का?

विचारणा
अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनातल्या डरहॅमजवळ स्टॅगव्हिल नावाची जुनी प्लँटेशन, म्हणजे गुलामांच्या श्रमावर चालणारी मोठी शेती, आहे, बेनेहन आणि कॅमरन या दोन घराण्यांची. १८६०च्या सुमारास त्यांच्याकडे जवळपास ३०,००० एकर जमीन आणि सुमारे ९०० गुलाम होते. तिथल्या जमिनीचा आणि कुटुंबांचा इतिहास मराठीत लिहितो आहे. प्लँटेशनला ‘मळा’ चालेल का? डीड (जमिनीच्या व्यवहाराचा कागद), ग्रँटर (हक्क देणारा), ग्रँटी (घेणारा), शेअरक्रॉपर (दुसऱ्याची जमीन पिकाच्या वाट्यावर कसणारा) यांना काय म्हणू?

प्रतिसाद १
मळा नको. चहाचे मळे आपण म्हणतो खरं, पण मळा म्हटलं की विहीर, मोट, भाजीचे वाफे डोळ्यांपुढे येतात. मालकी हक्काने बांधलेल्या माणसांचा त्यात मागमूस नाही. प्लँटेशनच ठेवा आणि पहिल्यांदा येईल तिथे एका वाक्यात अर्थ सांगा.

प्रतिसाद २
दस्तांचे शब्द आपल्याकडे तयार आहेत. दुय्यम निबंधकाकडच्या कागदांवर ‘लिहून देणार’ आणि ‘लिहून घेणार’ असतं, तेच ग्रँटर आणि ग्रँटी. तिकडेही काउंटीच्या (आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) नोंदणी कार्यालयात दोघांच्या नावांच्या सूच्या असतात. सगळ्या डीडना ‘खरेदीखत’ मात्र म्हणू नका. बक्षीसपत्र, गहाणखतही त्यात येतं, म्हणून ‘दस्त’ बरा. सातबारा हा शब्दही टाळा. तसा उतारा तिथे नसतो, एकामागून एक दस्त जोडत मागे जावं लागतं.

आणि ही साखळी मृत्युपत्रापाशी तुटते. स्टॅगव्हिलचा मालक थॉमस बेनेहन १८४७मध्ये अविवाहित वारला. त्याची बहीण रिबेका डंकन कॅमरनला दिलेली. तिचा मुलगा पॉल, त्याच्याकडे मामाची बरीचशी मालमत्ता आली. खरेदी-विक्रीच्या सूचीत हे सापडायचं नाही, त्यासाठी न्यायालयातली वारसाची कागदपत्रं उघडावी लागतात. लिहिताना ‘काका-पुतण्या’ होऊ देऊ नका, मामा-भाचाच लिहा. एका आडनावाची जमीन दुसऱ्या आडनावाखाली कशी गेली, ते त्या दोन शब्दांत कळतं.

प्रतिसाद ३
मला विचारणेतला ‘दोन घराण्यांची’ हा शब्दप्रयोग खटकला. ते ९०० जणही कुटुंबंच होती. १८५० आणि १८६०च्या जनगणनेत गुलामांची वेगळी यादी झाली. तिच्यात नाव मालकाचं, खाली एकेका ओळीत फक्त वय, लिंग, वर्ण. बहुतेकांची नावं सरकारी जनगणनेत पहिल्यांदा आली ती गुलामी संपल्यावर, १८७०मध्ये. त्याआधीची शोधायची तर मालकाच्या खातेवह्या आणि मेलेल्या मालकाच्या मालमत्तेच्या याद्या धुंडाळाव्या लागतात. कॅमरन घराण्याची कागदपत्रं चॅपल हिलच्या विद्यापीठात आहेत. म्हणून ‘९०० गुलाम होते’ऐवजी ‘९०० माणसांना गुलामीत ठेवलं होतं’ लिहा. वाक्य लांबलं तरी ठेवणारा कोण ते दिसू दे.

आडनावावरून नातं जोडू नका. मुक्त झालेल्यांपैकी काहींनी मालकाचं आडनाव लावलं, अनेकांनी दुसरंच.

प्रतिसाद २
शेअरक्रॉपर राहिला. ‘बटाईदार’ लिहा. ‘कूळ’ कटाक्षाने टाळा. १९४८च्या कुळकायद्यामुळे आपल्याकडे त्या शब्दाला हक्काचं वजन आलंय. अमेरिकेच्या दक्षिणेतल्या बटाईदाराला तसं संरक्षण नव्हतं. अवजारं, बियाणं, किराणा उधार घ्यायचा आणि पीक निघालं की हिशेबात बहुतेक सगळं वळतं व्हायचं. शिवाय वंशावळीच्या लेखात कूळ म्हणजे घराणं की शेतकरी, असा घोळ होईल तो वेगळाच.

विचारणाऱ्याकडून
प्लँटेशन, दस्त, लिहून देणार-घेणार, बटाईदार, सगळं घेतलं. ‘दोन घराण्यांची’ काढून ‘मालकी दोन घराण्यांची’ केलं. आता ‘एअर्स प्रॉपर्टी’ : मृत्युपत्र न करता मालक वारला आणि जमीन सगळ्या वारसांची एकत्र राहिली, तर?

प्रतिसाद १
‘न वाटलेली सामाईक जमीन’. पण पुढे हेही लिहा, की एखाद्या हिस्सेदाराने, किंवा त्याचा हिस्सा विकत घेतलेल्या परक्याने, न्यायालयात वाटप मागितलं तर अख्खी जमीन लिलावात निघू शकायची. कितीतरी कृष्णवर्णीय कुटुंबांची जमीन अशीच गेली.