पाच तारेवाली पोरं आली, आता गुलाल उधळायचा का?

कट्ट्यावरचा
डिसेंबरात अमेरिकी कॉलेज फुटबॉलच्या नव्या भरतीच्या सह्या झाल्या की टेक्सास ए अँड एमच्या आमच्या जुन्या विद्यार्थ्यांच्या गटात दिवाळी सुरू होते. इथे एमएस करून ह्यूस्टन-डॅलसला स्थिरावलेली मराठी मंडळीही त्यात पुढे. ज्या पोरांनी अजून कॉलेजचा एक सामना खेळलेला नाही, त्यांच्या नावापुढचे तारे (क्रमवारीवाल्यांनी दिलेले, जास्तीत जास्त पाच) मोजून आठ महिने आधी अजिंक्यपद पक्कं!

२०२२ विसरलात? भरती देशात पहिली, क्रमवारी लावणाऱ्या २४७स्पोर्ट्सच्या एकत्रित गुणांत तोवरची सर्वांत वरची. निकाल ५-७, म्हणजे पाच विजय, सात पराभव. घरच्या मैदानावर अ‍ॅपलाचियन स्टेटकडून १४-१७ हार. पुढच्या वर्षी नोव्हेंबरात प्रशिक्षक जिंबो फिशर यांना नारळ दिला, त्याची किंमत साडेसात कोटी डॉलरहून जास्त. त्या भरतीतला वॉल्टर नोलन ओल मिसला गेला, एव्हन स्ट्युअर्ट ओरेगॉनला, एलटी ओव्हरटन अलाबामाला. आपलं शेवटचं राष्ट्रीय अजिंक्यपद १९३९चं आहे, एवढं फक्त लक्षात असू द्या.

ह्यूस्टनकर
दर वेळी तेच २०२२चं मढं उकरायचं! फिशरना संघ चालवता आला नाही, त्यात पोरांचा काय दोष? प्रशिक्षक सेबनच्या अलाबामाने २००८ला हुलिओ जोन्स, मार्क इन्ग्रम वगैरे एकाच भरतीत आणले, २००९ला अजिंक्यपद. जॉर्जिया वर्षानुवर्षं भरतीत वरच्या दोन-तीनांत राहिली आणि २०२१, २०२२ लागोपाठ जिंकली. दुसऱ्या वेळी समोर टीसीयू होती, बिचारी जिगरबाज, पण भरतीत मधल्या फळीतली. अंतिम सामना ६५-७. ताऱ्यांचा फरक बघायचा असेल तर तो सामना पुन्हा बघा.

साधा_प्रेक्षक
@ह्यूस्टनकर, त्याच जॉर्जियाचा क्वार्टरबॅक (चेंडू फेकून आक्रमण चालवणारा) स्टेट्सन बेनेट शिष्यवृत्तीशिवाय आलेला वॉक-ऑन होता, हे सोयीस्करपणे गाळलंत. :)

ह्यूस्टनकर
गाळलं नाही. त्याच्या संघाची बचावफळी बघा, मग बोला. वॉक-ऑन क्वार्टरबॅक चालतो, वॉक-ऑन बचावफळी चालत नाही.

कट्ट्यावरचा
बचावफळीचंच बोलू. २०२२च्या भरतीतला शेमार स्ट्युअर्ट, पाच तारे, तीन वर्षं इथेच राहिला. एकूण सॅक (समोरच्या क्वार्टरबॅकला चेंडूसकट पाडणं) साडेचार. तरी एनएफएलच्या, म्हणजे व्यावसायिक लीगच्या, बेंगल्सनी २०२५च्या खेळाडू निवडीत पहिल्या फेरीत सतराव्या क्रमांकावर घेतला, कारण शरीरयष्टी आणि वेग. म्हणजे तारे खोटे नव्हते. ते एनएफएलला लागणाऱ्या गोष्टी मोजतात, शनिवारचा कॉलेजचा सामना जिंकायला लागणाऱ्या नाही. आणि २०२५ला आपल्यासाठी दहाच्या वर सॅक कोणी काढले? कॅशियस हॉवेलने. तो आला बोलिंग ग्रीनहून, ट्रान्सफर पोर्टलमधून, म्हणजे कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंच्या यादीतून.

मुग्धा_डॅलस
पोर्टलचा मुद्दा खरा आहे, पण मला तो उलटा वाटतो. २०२१पर्यंत कॉलेज बदललं की बहुतेक वेळा एक वर्ष बाकावर बसावं लागायचं, त्यामुळे पोरगा आला की टिकायचा. आता तो दर वर्षी मोकळा. अशा वेळी नवी भरती म्हणजे चार वर्षांची ठेव नाहीच. मग ती एका मोसमापुरती साजरी करणारे चाहते वेडे कसे? उलट तेच जगाबरोबर आहेत. इंडियाना बघा: २०२३ला ३-९, प्रशिक्षक सिग्नेटी आले, आधीच्या जेम्स मॅडिसन विद्यापीठातली आपली माणसं घेऊन आले, २०२४ला ११-२ आणि २०२५चं अजिंक्यपद एकही सामना न हरता. तिथल्या भरतीकडे कोणी ढुंकून बघत नव्हतं.

ह्यूस्टनकर
इंडियाना अपवाद. दहा वर्षांत एखादा.

कट्ट्यावरचा
मुग्धाताई, साजरं करा हो, कोण अडवतंय? माझा आक्षेप पैशावर आहे. हा उत्साह तयार माल आहे. क्रमवारी लावणारी संकेतस्थळं वर्गणीवर चालतात, आणि देणगीदारांचे खिसे याच महिन्यांत सैल होतात. जुलै २०२५पासून विद्यापीठं खेळाडूंना थेट पैसे देतात, पहिल्या वर्षी मर्यादा सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर. एवढा पैसा सतरा-अठरा वर्षांच्या पोरांवर लागल्यावर पहिल्या हारेला शिव्या त्यांनाच पडतात. गेल्या वर्षी 'आपला हिरा' म्हणणारेच पोर्टलमध्ये नाव आलं की 'पैशाचा लोभी' म्हणतात. हे मला ओंगळ वाटतं.

मुग्धा_डॅलस
शिव्यांबद्दल शंभर टक्के सहमत. पण ते चाहत्यांच्या जिभेचं दुखणं आहे, आशेचं नव्हे. कारकिर्दीत एकदाही सुरुवातीच्या संघात न उतरलेल्या पोरावरही कौतुकाने लिहिणारे चाहते आहेत.

साधा_प्रेक्षक
आपल्या प्रशिक्षक माईक एल्कोंचा २०२५चा संघ ११-० गेला, मग टेक्सासकडून हरला, मग प्लेऑफमध्ये (अजिंक्यपदाच्या बाद फेऱ्यांत) घरच्या काइल फील्डवर एक लाखावर लोकांसमोर मायामीकडून ३-१०. क्वार्टरबॅक मार्सेल रीड २०२३च्या भरतीतला, जिच्यावर या गटात कोणी पेढे वाटले नव्हते. रिसीव्हर (चेंडू झेलणारे) कन्सेप्शन आणि क्रेव्हर दोघेही पोर्टलचे. दोन्ही बाजूंनी हवं ते काढा यातून.

ह्यूस्टनकर
मी काढतो: त्या सामन्यात आपण तीन गुणांवरच अडकलो. नव्या भरतीत आक्रमक फळीचे लाइनमन (क्वार्टरबॅकला सांभाळणारे दांडगे) किती आहेत, ते कोणी मोजलंय का? तारे राहू द्या, वजनं सांगा.