वाडा पडेपर्यंत थांबायचं, मग डीपीत (विकास आराखड्यात) हेरिटेज कशाला? (पुण्याच्या पेठा)

ओसरीवरची
काल एकाने लिहिलं, "वाड्यांचा पुळका येणाऱ्यांनी आधी दोन पावसाळे वाड्यात काढावेत, नाहीतर हेरिटेजची यादी डीपीतून काढा, शहराची वाढ अडते." अहो मी एकोणीस काढलेत, तेही शनिवार पेठेत. वाडा वयाने पडत नाही, चुकीच्या दुरुस्तीने पडतो. आमच्या ओसरीचा चुना सुटला तेव्हा गवंड्याने सिमेंटचा गिलावा मारला, ओल आत कोंडली आणि चार वर्षांत तुळईचं टोक बोटाने टोकरलं तर भुसा हातात. मग एका म्हाताऱ्या सुताराने तेवढंच कुजकं टोक कापून सागाचा तुकडा सांधला, गिलावा खरवडून परत चुना केला. अजून उभी आहे.

एमआरटीपी म्हणजे महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायदा १९६६ चा, त्याच्या कलम २२ मध्येच ऐतिहासिक वास्तू जपणं हे विकास आराखड्याचं काम म्हणून दिलंय. म्हणजे हेरिटेज डीपीच्या बाहेरून आलेलं नाही. पण यादी एका फायलीत आणि रस्तारुंदीची रेघ दुसऱ्या फायलीत असेल तर वाड्याला हेरिटेजची ग्रेड (श्रेणी) देऊन उपयोग काय? ग्रेड लावताय ना, मग त्याच दिवशी टीडीआर (इथे न वापरता येणारा बांधकामाचा हक्क दुसरीकडे वापरायची किंवा विकायची मुभा) आणि दुरुस्तीची परवानगी पण द्या.

शंभर_मीटर
तुमचं ठीक आहे हो. आमचा वाडा शनिवारवाड्यापासून शंभर मीटरच्या आत. स्मारकांच्या कायद्यात २०१० चा बदल आला आणि शंभर मीटरच्या आत नवं बांधकाम बंद, त्यापुढच्या दोनशे मीटरला परवानगी घ्या. वडील गेले तरी वाडा तसाच. मागची भिंत पावसात गेली, तिथे निळी ताडपत्री, आई रात्री उठून बादल्या बदलते. जपणूक कोणाची चाललीय, दगडाची की माणसांची?

नकाशेवाला
दोन गोष्टींची गल्लत होतेय. शंभर मीटर हा केंद्राचा कायदा, डीपीचा नियम नाही. आणि १९९२ च्या आधीचं घर असेल तर दुरुस्तीसाठी अर्ज करता येतो, बंदी नव्या बांधकामाला आहे.

शंभर_मीटर
माहितीये. पण पडलेली भिंत परत उभी केली तर ती दुरुस्ती की नवं बांधकाम, हे कोण ठरवणार? नकाशावर बोट ठेवून बोलणं सोपं असतं साहेब.

ओसरीवरची
हा मुद्दा बरोबर आहे, मान्य करावाच लागेल. पण त्याच कायद्यात प्रत्येक स्मारकासाठी वेगळे उपविधी करायला सांगितलंय, उंची किती, दर्शनी भाग कसा, सगळं. ते गल्लीपातळीवर झाले आणि डीपीत उतरले तर तुमच्या भिंतीचा प्रश्न तिथेच सुटतो. सगळ्यांना एकच फूटपट्टी, हीच चूक.

घरमालक_कसबा
टीडीआर, उपविधी, सगळं चालू द्या, खरं दुखणं कोणीच बोलत नाही. भाडेकरू! माझ्याकडे सात बिऱ्हाडं, प्रत्येकी बत्तीस रुपये भाडं. कौलं शाकारायची म्हटलं तरी कितीतरी वर्षांचं भाडं जातं. मी कशाला हात लावू? पडला की सुटलो.

दोन_खोल्या
"पडला की सुटलो" म्हणताना आत माणसं झोपलेली असतात हे लक्षात आहे ना? १९६१ च्या पानशेतच्या पुरात आजोबांचं घर गेलं, त्यांनी बायकोचे दागिने मोडून पागडी दिली तेव्हा या दोन खोल्या मिळाल्या. नळ आमच्या खर्चाने, संडास आमच्या खर्चाने. आणि १९९९ च्या कायद्याने वर्षाला चार टक्के भाडं वाढवता येतं, तुम्ही वाढवलंत का कधी?

घरमालक_कसबा
बत्तीस रुपयांवर चार टक्के म्हणजे सव्वा रुपया! घ्या तुम्हीच.

दोन_खोल्या
मग दुरुस्तीचा खर्च वाटून घेऊ असं एकदा तरी म्हणालात? आमच्या वाड्यात आम्ही पाच जणांनी वर्गणी काढली तर मालकाने जिन्याला कुलूप लावलं. गरोदर बाईला मागच्या लोखंडी शिडीने उतरवलं होतं आम्ही. ती माझी बहीण होती.

नकाशेवाला
दोघंही जरा थांबा. हे भांडण आहे म्हणूनच हेरिटेज भाड्यापासून वेगळं काढता येत नाही. मुंबईत १९९५ पासून नियमावली आहे, देशातली पहिली, हेरिटेजमुळे बांधता न येणारं क्षेत्र टीडीआर म्हणून मिळायची सोय त्यात आहे. अहमदाबादने पोळांमधल्या (जुन्या शहरातल्या गल्ल्यांच्या वस्त्या) जुन्या घरांना टीडीआर दिला, २०१७ मध्ये जागतिक वारसा शहर झालं. पण पैसा मालकाच्या खिशात गेला आणि छप्पर तसंच राहिलं तर काय मिळवलं? आधी दुरुस्ती, मग टीडीआर, आणि भाडेकरूची खोली लेखी कायम. हे तिन्ही एकाच नियमात हवं.

घरमालक_कसबा
लेखी कायम वगैरे मला पटत नाही. पण दुरुस्तीचा खर्च टीडीआरमधून निघणार असेल तर मी वाडा पाडणार नाही, एवढं म्हणतो. त्यापुढे नाही.

दोन_खोल्या
एवढं आधी म्हणाला असतात तर चार प्रतिसाद वाचले असते.

शंभर_मीटर
तुमचं जमलं असेल तर माझ्या भिंतीकडे या. जूनच्या आत काहीतरी करायलाच हवं. ओसरीवरची, तो सुतार अजून काम करतो का? नंबर व्यनि करा.

ओसरीवरची
ते आता नाहीत. मुलगा करतो, चुन्याचं कामही येतं त्याला. पाठवते. भिंतीला तोवर सिमेंट लावू नका.