मदत हवी आहे: पडता गर्भ की सिझरच्या व्रणात रुजलेला?

विटा_दवाखाना: बाई ३१ वर्षांची, दोन सिझर झालेली, गर्भ ६ आठवडे ४ दिवसांचा. अंगावरून किरकोळ रक्त जातंय, दुखणं नाही. पोटावरच्या सोनोग्राफीत सॅक (गर्भाभोवतीचं पाण्याचं आवरण) बरीच खाली. रिपोर्टवर ‘गर्भपात होत आहे’. नातेवाईक म्हणतात, "सांगलीला कशाला धाडताय, हितंच साफ करा." मला व्रणाची शंका आहे. मिथोट्रेक्सेटचं (गर्भाची वाढ थांबवणारं औषध) एक इंजेक्शन देऊन थांबू का?

प्रोबवाला: क्युरेटिंगला (गर्भाशय आतून खरवडणं) हात लावू नका. आधी योनीमार्गे सोनोग्राफी, लघवी थोडी तुंबलेली असताना; मूत्राशय पार रिकामं असलं की पुढची भिंत नीट कळत नाही. उभ्या छेदात वरची पोकळी रिकामी, मुखाचा मार्ग रिकामा आणि सॅक पुढच्या भिंतीत व्रणाच्या जागी रुतलेली दिसते का? सॅक आणि मूत्राशय यांच्यातला स्नायूचा थर मोजा. मग प्रोबनं हलकं दाबा: पडता गर्भ सरकतो, रुजलेला जागचा हलत नाही. डॉपलरवर (रक्ताचा प्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) भोवती रक्तप्रवाहाचं कडं दिसेल. हे आजच बघा. पुढच्या आठवड्यांत सॅक पोकळीकडं वाढते आणि चित्र साध्या गर्भासारखं दिसून फसवतं.

विटा_दवाखाना: केली. थर २ मिमी, धडधड आहे, सॅक हलत नाही.

मिरज_लेबररूम: मग निदान झालंच. नुसतं कमरेतलं मिथोट्रेक्सेट इथं पुरत नाही. ५० मिग्रॅ प्रति चौरस मीटर हा गर्भनलिकेत रुजलेल्या गर्भाचा हिशोब, आणि तिथंही धडधड असली की फसण्याची शक्यता वाढते. पर्याय तीन: सोनोग्राफीखाली सुईनं थेट सॅकमध्ये औषध, सोनोग्राफीखाली सक्शन, किंवा दुर्बिणीतून गर्भ काढून व्रण शिवणं. धारदार क्युरेट कशातच नाही. व्रणात आकुंचन पावायला स्नायूच नसतो, म्हणून एकदा रक्त सुटलं की ऑक्सिटोसिनवर (गर्भाशय आवळणारं औषध) भागत नाही. फोलीचा (लघवीच्या नळीचा) फुगा आत फुगवून दाब द्यावा लागतो.

आजच धाडा. १६ किंवा १८ गेजच्या दोन सलाईन लाईन, सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), रक्तगट, लिव्हर-किडनीच्या तपासण्या. आरएच निगेटिव्ह असेल तर अँटी-डी इंजेक्शनचं चिठ्ठीवर ठळक लिहा. निघण्याआधी फोन करा, रक्त तयार ठेवता येतं.

विटा_दवाखाना: नातेवाईकांना काय सांगू?

मिरज_लेबररूम: "हितं साफ करताना रक्त थांबलं नाही तर पिशवी काढायची वेळ येईल, आणि हितं रक्तपेढी नाही." तिथंही पिशवी काढण्याची संमती घेतली जाईल, तेही आधीच कानावर घाला. नंतर बीटा एचसीजी (रक्तातलं गर्भाचं हार्मोन) दर आठवड्याला, शून्याजवळ येईपर्यंत. मिथोट्रेक्सेट दिलं तर फॉलिक ॲसिड बंद आणि निदान ३ महिने दिवस राहू द्यायचे नाहीत. पुढच्या खेपेला पाळी चुकली की सहाव्या-सातव्या आठवड्यातच सोनोग्राफी, हे डिस्चार्ज कार्डावर मराठीत लिहून द्या.