काकांनी त्या कागदावर सही करावी का?

रावपुऱ्याचा पुतण्या
काकांनी वडोदऱ्याजवळच्या एका वीजकेंद्रात ठेकेदाराकडे एकवीस वर्षं लॅगिंगचं काम केलं. वाफेच्या पाइपांवरचा ॲस्बेस्टॉसचा जुना थर हातोडीने फोडायचा, नवा दोर गुंडाळायचा. तोंडाला फक्त रुमाल. संध्याकाळी काकू त्यांचा शर्ट ओट्यावर झटकायची, तर पिठासारखी धूळ उडायची. २०११ ला काम सोडलं. आता वय ६८, एक जिना चढताना दोनदा बसतात. यंदा सीटी स्कॅनमध्ये ॲस्बेस्टॉसिस निघालं, म्हणजे त्या धुळीने होणारा फुप्फुसांचा आजार. परवा ठेकेदार शेठचा मुलगा ऐंशी हजार रुपये आणि एक कागद घेऊन आला, त्यावर लिहिलंय, ‘पुढे कसलाही दावा करणार नाही.’ माझ्या मते सही करू नये. काकू म्हणते, करा.

दांडियाबाजार
काकूंचं ऐका. माझ्या वडिलांचा भरपाईचा दावा सहा वर्षं चालला, निकालाआधीच ते गेले. काम सोडल्यावर दोन वर्षांत लक्षणं दिसायला हवीत, असं कायद्यात आहे. तुमचे काका त्यात बसत नाहीत. ठेक्यावरचा माणूस, हजेरीपटावर नाव तरी असेल का?

वसुधा (कामगारांचे दावे पाहते)
मुदतीची अडचण खरी आहे. पण कारण सबळ असेल तर भरपाईचे दावे ऐकणारे आयुक्त उशिराचा दावाही घेऊ शकतात, आणि हा आजार वीस-तीस वर्षांनी वर येतो याहून सबळ कारण कोणतं? १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने ॲस्बेस्टॉस उद्योगांना कामगारांच्या तब्येतीची नोंद नोकरीच्या सुरुवातीपासून ४० वर्षं किंवा निवृत्तीनंतर १५ वर्षं, जे नंतर येईल तोवर, ठेवायला सांगितलं ते याचसाठी.

आता त्या कागदाबद्दल. १९२३ च्या भरपाई कायद्याच्या कलम १७ प्रमाणे हक्क सोडून देणारा करार रद्दबातल असतो. शिवाय कलम १२ मुळे काम वीजकेंद्राच्या नेहमीच्या व्यवसायाचा भाग असेल, तर ठेकेदारासोबत मूळ मालक, म्हणजे वीजकेंद्रही, जबाबदार धरता येतं. नोव्हेंबर २०२५ पासून हा विषय सामाजिक सुरक्षा संहितेत गेलाय, म्हणून आधी वकिलाला विचारा, काकांच्या दाव्याला कोणता कायदा लागतो ते.

दांडियाबाजार
ताई, करार रद्द ठरवून घ्यायलाही कोर्टातच जावं लागतं ना? पाइप गुंडाळणं हा वीजकेंद्राचा नेहमीचा व्यवसाय नाही, असं त्यांचा वकील म्हणणारच. ऑक्सिजनचं भाडं दर महिन्याला भरायचंय. ऐंशी हजार आज हातात आहेत.

वसुधा
मग पैसे घ्या, पण पावती फक्त ‘रक्कम मिळाली’ एवढ्याचीच द्या. शेठला तडजोडच हवी असेल तर ती आयुक्तांकडे नोंदवू दे, रक्कम फार कमी असेल तर ते नोंदणी नाकारू शकतात.

एक्स-रे विभागातली
दोन्ही बाजू पुराव्याचं बोला. आमच्याकडे अशा माणसांवर आधी टीबीचेच उपचार होतात, कारण कामाचं कोणी विचारत नाही. डॉक्टरांकडून कामाचा इतिहास केसपेपरवर लिहून घ्या. स्कॅनची सीडी मागा, नुसता रिपोर्ट नको. अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेचं मत मिळालं तर फार वजन पडतं.

रावपुऱ्याचा पुतण्या
काल काकूच्या ट्रंकेत १९९४ चा गेटपास सापडला. फोटो पुसट झालाय, पण ठेकेदाराचा शिक्का वाचता येतो. काकांसोबतचे दोघे मांजलपूरला राहतात, रविवारी त्यांना भेटतोय. दांडियाबाजार, तुमच्या वडिलांच्या दाव्यात नेमकं काय अडलं ते इथे लिहा, मला ते हवंय.