विषय: गणपतीचं जेवण – मसालेभात आदल्या रात्री नको

प्रेषक: भोजन समिती

नमस्कार मंडळी,
यंदाही जेवण घरोघरी करून आणायचं ठरलंय. मसालेभात, वरण, मटकीची उसळ, काकडीची कोशिंबीर, जिलबी बाहेरून. आरती साडेअकराला, पानं साधारण एक वाजता. एकच विनंती आहे. भात आणि वरण आदल्या रात्री करून पातेल्यात तसंच ठेवू नका. सकाळी करणं जमणार नसेल तर आत्ताच कळवा, दुसरं काही देऊ.
– ताई

प्रेषक: नाना

ताई, आमची उभी हयात शिळ्या भाताला फोडणी देण्यात गेली. रात्रीचा भात शिंकाळ्यावर, सकाळी कांदा-शेंगदाणे घालून फोडणी, की न्याहारी झाली. कोणाला काही झालं नाही. पंधरा कप तांदळाचा मसालेभात सकाळी करायचा म्हणजे पहाटे चारला उठणं आलं. त्यापेक्षा रात्री करून गराजमध्ये ठेवतो आणि सकाळी ओव्हनमध्ये सणसणीत तापवतो. तापवलं की जंतू मरतात, एवढं शाळेत शिकलोय.
– नाना

प्रेषक: दादा

नाना, मी इथल्या आरोग्य खात्यात रेस्टॉरंटची स्वयंपाकघरं तपासतो, म्हणून मध्ये तोंड घालतोय.

जंतू मरतात हे खरं, पण भाताची भानगड वेगळी आहे. बॅसिलस सिरियस नावाच्या जंतूचे बीजाणू तांदळावर मुळातच असतात आणि ते उकळत्या पाण्यातही तगतात. भात कोमट झाला की ते रुजतात, जंतू वाढतात, आणि त्यांतले काही भातात विष सोडतात. ते विष फोडणीने जात नाही, ओव्हननेही नाही. तुम्ही सकाळी तापवाल तेव्हा जंतू मरतील, विष तसंच राहील. खाल्ल्यावर तास-दोन तासांत, फार तर सहा तासांत उलट्या सुरू. म्हणजे सांस्कृतिक कार्यक्रमाच्या ऐन मध्यात.

शिंकाळ्यावरचा भात दोन वाट्या असायचा, तो लवकर निवायचा. पंधरा कपांचं पातेलं वरून गार लागलं तरी पोटात पहाटेपर्यंत कोमट असतं. आणि तेव्हाही पोटं बिघडायचीच की. दोष दृष्टीला नाही तर पाण्याला जायचा. गराजचं म्हणाल तर सप्टेंबरात तो काही फ्रिज नव्हे.

रेस्टॉरंटना एफडीएच्या, म्हणजे अमेरिकेच्या अन्न-औषध खात्याच्या, फूड कोडचा नियम असा आहे: शिजलेला पदार्थ १३५ अंश फॅरनहाइटवरून ७० अंशांवर दोन तासांत यायला हवा, आणि पुढच्या चार तासांत ४१ अंशांवर. पहिले दोन तास जास्त महत्त्वाचे, कारण जंतू सगळ्यात जोरात त्याच टप्प्यात वाढतात. मटणाच्या दाट रश्श्यात परफ्रिंजेन्स नावाचा दुसरा जंतू हाच खेळ खेळतो. दिवाळी पार्टीच्या वेळी ते पुन्हा सांगेन.

उलट बाजूही बघा. सकाळी सातला केलेला भात एकपर्यंत नुसता झाकून ठेवला तर तोही कोमटच होणार. तो गरमच राहायला हवा, १४० अंशांच्या वर. बर्फाचा कूलर असतो ना, त्यात बर्फाऐवजी तळाला जाड टॉवेल घाला आणि झाकलेले ट्रे गरम गरम त्यात बंद करा. हॉलवर आल्या आल्या ओव्हनमध्ये २०० अंश फॅरनहाइटवर सरकवा.
– दादा

प्रेषक: माई

ज्यांना रात्रीच करणं भाग आहे त्यांच्यासाठी सांगते. भात शिजला की लगेच परातीत पसरा, दोन इंचांपेक्षा जाड थर नको. आपण मसालेभात मोकळा व्हावा म्हणून पसरतोच, तेच करायचं. वाफ गेली की उथळ ट्रेमध्ये भरून फ्रिजमध्ये, ट्रे एकावर एक न रचता. वरण घट्टच ठेवा, पातेलं सिंकमध्ये बर्फाच्या पाण्यात बसवा आणि डावाने ढवळत राहा. सकाळी उकळतं पाणी घालून सारखं करा आणि चांगलं खदखदू द्या. भात मध्यभागी १६५ अंशांपर्यंत तापायला हवा. हॉलवर ट्रेखाली पेटवतात त्या मेणबत्तीसारख्या डब्यांवर गार भात तापत नाही, तापलेला गरम राहतो एवढंच.

आणि हो, नैवेद्याचं ताट आधी काढा, मग थर्मामीटर खुपसा. मागच्या वेळी यावरून रुसवेफुगवे झाले होते. आरती लांबली की ताट तास-दीड तास उघडं राहतं. त्यातलं पातेल्यात परत मिसळायची आपली पद्धत आहे, पण यंदा शिऱ्याचा घास मिसळू, भाताचा नको.
– माई

प्रेषक: एक सभासद

मी कोशिंबिरीत मोडाची मटकी कच्चीच घालते, कुरकुरीत लागते. चालेल ना?

प्रेषक: दादा

दोनशे माणसांच्या पंगतीला नको. मोड यायला ऊब आणि ओल लागते, जंतूंनाही तेच लागतं. २०११ साली जर्मनीत मोड आलेल्या मेथीतून ई. कोलाय या जंतूची साथ पसरली आणि पन्नासहून जास्त माणसं गेली. मटकी उसळीतच छान शिजू दे.

अजून एक. ज्यांच्या घरी कोणाला उलट्या-जुलाब झाले असतील त्यांनी स्वयंपाक आणि वाढप दोन्ही टाळा, आणि स्वतःला झाले असतील तर थांबल्यावरही ४८ तास. उलट्या-जुलाब करणारा नोरोव्हायरस हँड सॅनिटायझरला फारशी दाद देत नाही, हात साबणानेच धुवा.
– दादा

प्रेषक: भोजन समिती

ठरलं तर मग. भात चार घरांत वाटून देते, कोणालाही चार कपांपेक्षा जास्त नाही. मटकी शिजवूनच. थर्मामीटर माझ्याकडे एक आहे, अजून दोन लागतील. ज्यांच्याकडे असतील त्यांनी हात वर करा. नाना, तुमचे चार कप सकाळचे धरू का?
– ताई

प्रेषक: नाना

धरा. चार कपांना सहाला उठलं तरी पुरे. पण गोडा मसाला माझ्याच घरचा, चारही घरांत. येऊन घेऊन जा, शनिवारी संध्याकाळी, चहाच्या वेळेला.
– नाना