मिशनऱ्यांचे सेवाकार्य आणि धर्मांतर यांची फारकत करता येते का?

प्रश्न : अभ्यासू वाचक

नमस्कार. एकोणिसाव्या शतकातील महाराष्ट्राविषयी वाचताना एक प्रश्न वारंवार समोर येतो. १८१३ साली अमेरिकन मराठी मिशनचे लोक मुंबईत उतरले आणि त्याच वर्षीच्या सनदेने ईस्ट इंडिया कंपनीच्या मुलखात मिशनऱ्यांची वाट मोकळी झाली. पुढे नगरच्या शाळा, १८४२ मध्ये सुरू झालेले 'ज्ञानोदय' नियतकालिक, मिरजेचे वॉन्लेस रुग्णालय असा मोठा पसारा उभा राहिला. एक पक्ष या कामाला निखळ सेवा म्हणतो, तर दुसरा त्याला धर्मांतराचे आमिष मानतो. दोन्ही बाजूंचे लेखन वाचूनही माझे समाधान झालेले नाही. मिशनऱ्यांच्या हेतूवरूनच या कामाचे मोल ठरवायचे का? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

उत्तर : नगरी

हेतूबद्दल वाद घालण्यात फारसा अर्थ नाही, कारण तो त्यांनी कधीच लपवला नव्हता. लोकांनी ख्रिस्ती व्हावे यासाठीच ते आले होते, आणि शाळा-दवाखाने हा त्यांच्या दृष्टीने त्याच कामाचा भाग होता. मात्र हेतूवरून देणाऱ्याची ओळख पटते. घेणाऱ्याने त्यातून काय घेतले, हे त्यावरून कळत नाही, आणि माझ्या मते खरा इतिहास तिथेच आहे.

जोतीराव फुले पुण्यात स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले. नगरला अमेरिकन मिशनच्या मिस फॅरार यांची मुलींची शाळा त्यांनी पाहिली आणि १८४८ मध्ये पुण्यात स्वतः मुलींची शाळा काढली. मिशनऱ्यांच्या शैक्षणिक कामाविषयी त्यांना आदर होता, तरीही ते ख्रिस्ती झाले नाहीत. १८७३ मध्ये त्यांनी सत्यशोधक समाज स्थापन केला.

ख्रिस्ती झालेल्या पंडिता रमाबाईंचे उदाहरण अधिक अवघड आहे. १८८९ मध्ये त्यांनी शारदा सदन काढले तेव्हा तिथे धर्मशिक्षण दिले जाणार नाही असे ठरले होते. रमाबाई स्वतः प्रार्थना करत तेव्हा खोलीचे दार उघडे असे आणि आत येऊ पाहणाऱ्या मुलींना त्या अडवत नसत. एवढ्यावरून पुण्यात गदारोळ झाला. १८९३ मध्ये रानडे, भांडारकर आदी सल्लागारांनी राजीनामे दिले आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. आपण ज्याची फारकत करू पाहता, ती सीमारेषा त्या उघड्या दारातच होती. सल्लागारांची शंका मला अगदीच निराधार वाटत नाही. पण ज्या बालविधवांसाठी हे सदन होते, त्यांना काय हवे आहे हे त्या वादात क्वचितच कोणी विचारले, याचे मला फार वाईट वाटते.

उत्तर : माळरान

नगरी यांच्या उत्तरात दुष्काळाचा उल्लेख राहिला आहे. १८७६ ते ७८ च्या दुष्काळानंतर नगर जिल्ह्यात महार आणि मांग समाजातील अनेक कुटुंबांनी बाप्तिस्मा घेतला. ज्याच्या घरात धान्याचा दाणा नाही, त्याने धान्य देणाऱ्यासमोर केलेली निवड मोकळी कशी मानायची? शिवाय वर्गणी जमवण्यासाठी मायदेशी पाठवलेल्या अहवालांत आपल्या समाजाचे जे काळेकुट्ट चित्र अनेक मिशनऱ्यांनी रंगवले, ते विसरता येत नाही. मिशनऱ्यांच्या कामाची चौकशी करण्यासाठी मध्य प्रदेश सरकारने नेमलेल्या नियोगी समितीच्या १९५६ च्या अहवालातील निष्कर्ष कोणाला एकांगी वाटोत. आदिवासी भागांतील ज्या तक्रारींमुळे समिती नेमली गेली, त्या झटकून टाकण्यासारख्या नव्हत्या.

उत्तर : वकिली टिपण

कायद्याच्या बाजूने थोडे लिहितो. घटनेच्या अनुच्छेद २५ मध्ये धर्म आचरण्याबरोबरच त्याच्या प्रसाराचाही हक्क आहे, तोही सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता व आरोग्य यांच्या अधीन. ओरिसाने १९६७ मध्ये आणि मध्य प्रदेशाने १९६८ मध्ये बळजबरी, फसवणूक किंवा प्रलोभनाने होणाऱ्या धर्मांतराविरुद्ध कायदे केले. १९७७ च्या स्टॅनिस्लॉस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ते वैध ठरवले आणि प्रसाराच्या हक्कात दुसऱ्याचे धर्मांतर घडवण्याचा हक्क येत नाही, असे म्हटले.

ओरिसाच्या कायद्यातील एका तरतुदीकडे लक्ष वेधतो. एरवी कमाल शिक्षा एक वर्ष कैद आणि पाच हजार रुपये दंड. धर्मांतरित व्यक्ती अल्पवयीन, स्त्री किंवा अनुसूचित जाती-जमातीची असेल, तर दोन वर्षे आणि दहा हजार. संरक्षणाचा हेतू मान्य केला, तरी प्रौढ स्त्री आणि प्रौढ दलित यांना अजाण मुलाच्या रांगेत बसवणे मला पटत नाही. प्रलोभनाची चर्चा करताना १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाचाही विचार व्हावा, कारण त्यानुसार ख्रिस्ती झालेल्या दलिताला अनुसूचित जातीच्या सवलती मिळत नाहीत. म्हणजे धर्मांतराने त्याचे व्यवहारात नुकसानच होते.

अभ्यासू वाचक

सर्वांचे आभार. माळरान यांच्या प्रश्नावर नगरी यांचे म्हणणे वाचायला आवडेल.

नगरी

माळरान यांचा आक्षेप रास्त आहे; भुकेपोटी झालेल्या धर्मांतराची शंका खुद्द मिशनऱ्यांनाही छळत असे. पण दुष्काळ सरल्यावरही कित्येक कुटुंबे त्याच धर्मात राहिली, आणि ज्या गावात त्यांना पाणवठा बंद होता तिथे मुलाला पाटीवर अक्षर गिरवायला मिळणे हे धान्याइतकेच मोठे कारण होते. गावोगाव फिरून हे काम पुढे नेणारे बहुतेक जण आपल्याकडचेच शिक्षक, उपदेशक आणि घरोघरी बायबल वाचून दाखवणाऱ्या बायबलबाया होत्या. चर्चमध्येही जात शिल्लक राहिली, हे मात्र कबूल केलेच पाहिजे.

आपल्याला आतून पाहायचे असेल तर लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' वाचा. त्यांचे पती, कवी नारायण वामन टिळक यांचा बाप्तिस्मा १८९५ मध्ये झाला. त्यानंतर लक्ष्मीबाई काही वर्षे सोवळे पाळत वेगळ्या राहिल्या, आधी त्यांच्या मनातून जातिभेद गेला आणि बाप्तिस्मा त्यानंतर झाला. टिळकांनीही १९१७ मध्ये मिशनचे वेतन सोडले आणि साताऱ्यात 'देवाचा दरबार' सुरू केला, कारण परदेशी मंडळाच्या आश्रयाशिवाय इथल्या भजन-कीर्तनाच्या परंपरेत ख्रिस्तभक्ती रुजावी अशी त्यांची इच्छा होती. वेतन सोडल्यानंतरचे त्यांचे लेखन मिळवून वाचलेत, तर आमिषाच्या प्रश्नावर तिथे बरेच हाती लागेल.