मदत हवी आहे: रिपोर्ट 'डब्ल्यूएनटी' आला, तरी अख्ख्या कण्याला शेक (रेडिएशन) का?

मंडळी, भाच्यासाठी विचारतेय. वय ९. दिवाळीनंतर रोज सकाळी उठल्या उठल्या उलटी, आणि दहा मिनिटांनी हाच पोरगा पोहे मागायचा. गावातल्या डॉक्टरांनी आधी जंताचं, मग पित्ताचं औषध दिलं. दीड महिना त्यात गेला. (त्यावर आता भांडत बसत नाही.) एकदा जिना उतरताना भिंत धरायला लागला, तेव्हा एमआरआय केला. लहान मेंदूत कॅन्सरची गाठ, मेड्युलोब्लास्टोमा. ऑपरेशनमध्ये गाठ पूर्ण निघाली. कण्याचा एमआरआय आणि पाठीतलं पाणी, दोन्ही स्वच्छ.

मग ब्लॉक, म्हणजे मेणात बसवलेला गाठीचा नखाएवढा तुकडा, ताईने गोळ्यांच्या डबीत घालून मुंबईला नेला. रिपोर्ट: डब्ल्यूएनटी गट. डॉक्टर म्हणाले, या गाठीच्या चार गटांतला हा सगळ्यांत चांगला. तरीही डोकं आणि पूर्ण कणा २३.४ ग्रे (ग्रे म्हणजे शेकाच्या मात्रेचं माप), गाठीच्या जागी वाढवून ५४. भावोजींचं म्हणणं, गट एवढा चांगला तर फक्त गाठीच्या जागीच द्या ना! पोराची उंची, हार्मोन्स, अभ्यास, सगळंच डोळ्यांसमोर येतं. विचारणं बरोबर आहे का? पुढच्या आठवड्यात शेकाच्या वेळी डोकं स्थिर ठेवणारा मास्क बनवायचाय.

रानजाई: मी लॅबवाली, डॉक्टर नाही. मेंदूत सहसा औषधं शिरू न देणारा जो अडसर असतो, तो या गटाच्या गाठीत नीट नसतो, रक्तवाहिन्या गळक्या असतात. म्हणून केमो आत पोचते. हे २०१६ मध्ये उंदरांवरच्या प्रयोगांतून पुढे आलं. पण भावोजींची कल्पना टाटाच्या डॉक्टरांनी खरंच करून पाहिलीये. 'फॉर-डब्ल्यूएनटी' अभ्यासात कणा वगळला. काही मुलांत आजार नेमका शेक न दिलेल्या भागात उलटला आणि अभ्यास मध्येच थांबवावा लागला. सुटलेल्या पेशी मेंदू-कण्याभोवतीच्या पाण्यातून कण्यापर्यंत जातात, एमआरआयला दिसतीलच असं नाही. त्यानंतरच्या अभ्यासात कणा ठेवून मात्रा १८ ग्रेवर आणली. तेव्हा 'वगळता येईल का' असं नको, 'कमी मात्रेच्या अभ्यासात हा बसतो का' असं विचारा. अभ्यासाबाहेर स्वतःच्या मनाने मात्रा कमी करून मागू नका.

पाणकळा: ताई, बेधडक विचारा, डॉक्टर चिडत नाहीत. माझी लेक यातून गेलीये, आता दहावीत आहे. एक मात्र करा: केमोआधी कानांची तपासणी. केमोतल्या सिस्प्लॅटिन या औषधाने बारीक, उंच आवाज आधी जातात. आमच्या लक्षात आलं ते तिला कुकरची शिट्टी ऐकू येईना तेव्हा. हार्मोन्सची रक्ततपासणी आणि बुद्ध्यांक चाचणीही शेकाआधी करून ठेवा, नाहीतर पुढे तुलना कशाशी करणार? आणि टाटाच्या खारघरच्या केंद्रातल्या प्रोटॉन शेकाबद्दल विचारा. ते किरण ठरल्या खोलीवर थांबतात, कण्यापुढचं हृदय, आतडी वाचतात.

धागाकर्ती: कानांचं आम्हाला कुणी बोललंच नव्हतं. सोमवारी करून घेतो. १८ ग्रेचं वहीत लिहिलंय, भावोजींनाच विचारायला लावते.